भिंग नानांचं, कॅमेरा धुळ्याचा, डोळे माझे

बसा, चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. मीच सांगितलेली बरी! कारण आमच्या आळीतली मंगलाबाई सांगते तेव्हा ती त्यात पदरचं इतकं घालते, की ऐकणाऱ्याला वाटावं मी अख्खा मांडवच पेटवून दिला होता.

आधी एक कबूल करते. मला शेजारच्या घरात काय चाललंय ते बघितल्याशिवाय जेवण जात नाही. आमचे हे म्हणतात, "तुला पोलिसात घेतलं असतं, तर जळगावात चोरी झाली नसती." आता तुम्हीच सांगा, शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडे बघायचं नाही, तर भिंती इतक्या बुटक्या बांधायच्या कशाला?

आमच्या भिंतीपलीकडे नाना राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बायको लवकर गेली. पोरं दोन: मोठी सुनंदा आणि धाकटा मिलिंद. सुनंदाच्या वेण्या मी घातल्यात, मिलिंदच्या गुडघ्यांना हळद मी लावलीय. पुढे मिलिंद फौजेत गेला आणि सुनंदा बँकेत लागली.

नानांचा जीव एकाच वस्तूत. एक भिंग! मुंबईहून जुन्या बाजारातून आणलेलं, मुठीएवढं, पण हातात घेतलं तर वरवंट्यासारखं जड. ते मलमलच्या फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवायचे. सुनंदाचे दागिने मात्र बाहेर फळीवर.

भिंतीवरून बघून बघून मला त्या भिंगाची सगळी कुंडली पाठ झाली होती. त्याच्यावर दोन गोल फिरायचे. एकानं जवळचं-लांबचं साफ करायचं, तेही डोळा लावून, हातानं, आपलं आपण. दुसऱ्यानं भिंगाची खिडकी लहान-मोठी करायची. आकडा लहान तितकी खिडकी मोठी. सगळ्यात लहान आकडा एक पॉइंट चार.

"एक-चारवर अंधाऱ्या खोलीतसुद्धा फोटो येतो, अक्का," नाना सांगायचे. "पण मग चार बोटंच जागा साफ येते. पुढचं-मागचं सगळं ताक!"

एका दुपारी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मी आमच्या ओट्यावर बसलेल्या ह्यांचा फोटो काढला. काय आला म्हणता! मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. नाना म्हणाले, "अक्का, तुमचा डोळा पक्का आहे."

झालं! सातवी पास बाई मी. हे ऐकल्यावर आठ दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत. भाजीवालीलासुद्धा मी तो फोटो दाखवला.

आणि सुनंदाचं जमलं. मुलगा धुळ्याचा, पाटबंधारे खात्यात. साखरपुडा नानांच्याच घरी ठरला. सगळं छान, फक्त मिलिंदचं पत्र आलं. पत्र नाना वाचत होते आणि मी... म्हणजे मी भिंतीशी वाळवणाला आले होते.

"बाबा, रजा नामंजूर झाली. ताईचा एक फोटो पाठवा. चेहरा नीट दिसेल असा. एकच पुरे."

नानांनी पत्राची घडी केली, उघडली, परत केली. मग म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मला पुढे बसावं लागेल. फोटो तुम्ही काढाल?"

काढाल का म्हणे! मी होकार द्यायच्या आधी आमच्या मांजरालासुद्धा कळलं होतं.

आता गंमत बघा. साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी नानांच्या कॅमेऱ्याचा आतला पडदा अडकला. खटका दाबला की नुसतं 'चक्' आणि पुढे काही नाही. भिंग ठणठणीत, पण ते लावायचं कशाला?

सकाळी धुळ्याची मंडळी एसटीतून उतरली. त्यात नवऱ्या मुलाचे काका, दौलतभाऊ. गळ्यात नवाकोरा जपानी कॅमेरा, पुढे हातभर लांब भिंग. माणूस दिलदार, बोली अस्सल अहिराणी, पण आवाज असा की गावात वेगळी दवंडी पिटायला नको.

"नाना, फिकर नको! हाऊ कॅमेरा शे ना!"

नानांनी त्यात डोळा लावला आणि मान हलवली. "भाऊ, तुमचं भिंग उन्हातलं. आमच्या खोलीत ह्याला काही दिसायचं नाही. वर दुपारी लाइट जाते. कॅमेरा तुमचा, पण भिंग माझं लावू."

फडकं सुटलं. दौलतभाऊंनी भिंग उलटसुलट करून बघितलं. "हाई भिंग शे का कंदीलनी काच? आणि हाई बसाव कशी? मना कॅमेऱ्याचं तोंड वेगळं!"

खरंच वेगळं. नानांचं भिंग बरणीच्या झाकणासारखं फिरवून बसायचं. धुळ्याच्या कॅमेऱ्याला नुसता पाव फेरा, की खट्. पण नाना कच्चे नव्हते. त्यांनी कपाटातून एक पातळ कडी काढली. कडी कॅमेऱ्याच्या तोंडात बसवली, कडीत भिंग फिरवलं आणि जुनं भिंग नव्या कॅमेऱ्यावर ऐटीत बसलं.

"अक्का," नाना म्हणाले, "आकडा चारवर ठेवलाय. मंडळी खिडकीशी बसतील, चारवर सगळ्यांचे चेहरे साफ येतील. जवळ-लांब करायचा गोल तेवढा फिरवा. आकड्याला हात लावू नका."

"अहो नाना, मला सांगता?"

वंदना सुरू झाली. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या साडीत सुनंदा, खिडकीतून ऊन. आणि लाइट गेली, अगदी नानांनी सांगितल्यासारखी. मी ऐटीत कॅमेरा डोळ्याला लावला.

आत अंधार!

नानांच्या कॅमेऱ्यात असं कधीच व्हायचं नाही. आकडा कुठलाही असो, बघताना उजेड पूर्ण. खटका दाबला की खिडकी आपोआप लहान व्हायची. ह्या कॅमेऱ्यात मात्र कडी मध्ये आल्यामुळे खिडकी आधीपासूनच लहान, म्हणून दिसायलाही अंधारं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, धुळ्याच्या कॅमेऱ्याला जळगावचं भिंग मानवलेलं नाही!

नाना हात जोडून बसलेले. विचारणार कुणाला? मी आकड्याचा गोल थोडा फिरवला. उजेड वाढला. अजून फिरवला, अजून वाढला. पार एक-चारपर्यंत नेला आणि बघते तर काय, लख्ख! मी मनात म्हटलं, शकुंतले, धन्य आहेस. भर समारंभात कॅमेरा दुरुस्त केलास!

मग मी सुटले. अंगठी घालताना, पेढा भरवताना, ओटी भरताना. मध्येच दौलतभाऊ ओरडले, "अक्का, बठ्ठा घ्या! कोणी राहाले नको!" मी म्हटलं, "कोणी राहत नाही, भाऊ!"

पण भिंगातून बघायला लागले आणि माझं काय झालं ते सांगते. आजवर भिंतीवरून जे दिसायचं ते धूसर. आणि इथे? गोल फिरवावा तसं एकेक माणूस पाण्यातून वर यावं तसं स्वच्छ! धुळ्याच्या विहीणबाईंच्या गळ्यातली पोत खरी का मुलाम्याची, ते मला त्या दिवशी कळलं. खरी होती. मागच्या खिडकीत कुणाच्या साडीला अजून दुकानाची चिठ्ठी लटकत होती, तीही दिसली.

आणि मग दिसली मंगलाबाई. सुनंदाच्या मागे, दाराशी उभी. हातात स्टीलचा डबा.

मी गोल फिरवला. डब्यावर मशीननं टोचून नाव घातलेलं होतं. अजून फिरवला. 'सौ. शकुंतला.'

माझा डबा! दोन महिने हरवलेला! ह्या डब्यावरून मी ह्यांना, दुधवाल्याला आणि दोन नणंदांना बोलले होते. मी खटका दाबला. एकदा नाही, चारदा. पुरावा हो!

रोल धुऊन यायला आठ दिवस लागले. दौलतभाऊ खास धुळ्याहून फोटो न्यायला आले. नानांच्या ओट्यावर आम्ही सगळे जमलो. मंगलाबाईही आली आणि मी मनात म्हटलं, ये, ये, तुझीच वाट बघत होते.

नानांनी पाकीट उघडलं. पहिला फोटो बघितला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुसरा बघितला. तिसरा.

"अक्का," ते हळू म्हणाले, "आकड्याला हात लावला होता का?"

"लावला म्हणजे... दुरुस्त केला!"

दौलतभाऊंनी फोटो ओढून घेतला. "अरे! हाई नवरी शे का ढग?"

सुनंदा ढग, जावई ढग. आणि ढगांच्या मागे विहीणबाईंची पोत, मणी न् मणी मोजून घ्यावा अशी. पुढच्या फोटोत अंगठी घालणारे हात म्हणजे दह्याचं भांडं, पण खिडकीतल्या साडीची चिठ्ठी अशी स्वच्छ की दौलतभाऊंनी किंमत मोठ्यानं वाचून दाखवली. एकात आमचे हे कोपऱ्यात तिसरा मांडा दुमडून तोंडात घालताना. मिशीला लागलेलं पुरणही साफ. खिडकी मोठी, म्हणून साफ जागा चार बोटं. आणि त्या चार बोटांत मी खुपसलेलं नाक!

तेवढ्यात चार सारखे फोटो निघाले. पुढे एक पांढरा ढग, मागे मंगलाबाई आणि तिच्या हातात 'सौ. शकुंतला'.

मी घसा साफ केला. "मंगलाबाई, आता विषय निघालाच आहे तर..."

"कुठला विषय, अक्का?" मंगलाबाईनं फोटो हातात घेतला. "अगंबाई! हा डबा तर मी त्याच दिवशी परत दिला. शेव भरून! तुम्ही फोटोत गुंतल्या होत्या, म्हणून तुमच्या ह्यांच्या हातात दिला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वर कौलं मोजत होते.

"शेव चांगली होती," हे म्हणाले. "डबा फळीवर ठेवला ना. तू त्यात तूरडाळ भरलीस."

घ्या! आठ दिवस रोज त्याच डब्यातून मी डाळ काढत होते. दुसऱ्याच्या हातातला डबा मला अंधाऱ्या खोलीतून, ढगापलीकडून दिसला, आणि स्वतःच्या फळीवरचा?

सगळे हसले. मीही हसले. पण नाना हसत नव्हते. ते पत्ते पिसावेत तसे फोटो चाळत होते. मला एकदम मिलिंदचं पत्र आठवलं. 'चेहरा नीट दिसेल असा. एकच पुरे.' आईविना वाढलेल्या लेकीचा साखरपुडा, भाऊ सीमेवर, आणि मी काय काढलं? डबा!

"नाना," मी म्हटलं, "मी चुकले हो. मिलिंदला काय पाठवायचं आता?"

नानांनी हात वर केला. त्यांच्या हातात शेवटचा, छत्तिसावा फोटो होता. तो त्यांनी कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

तो कसा निघाला ते मला आठवत होतं. जेवणं चालली होती. सुनंदा एकटीच खिडकीशी बसून काहीतरी वाचत होती. मिलिंदचं पत्र. आता मला राहवतंय का? मी भिंग कागदावर साफ केलं, पण अक्षरं पाठमोरी. म्हणून म्हटलं, निदान चेहऱ्यावरून कळेल की वेगळं काही लिहिलंय का. गोल फिरवला, डोळ्यांवर आणला. ती रडत होती आणि हसतही होती. मी खटका दाबला.

फोटोत फक्त सुनंदाचा चेहरा होता. पापणीवरचं पाणीसुद्धा साफ. बाकी खिडकी, मांडव, माणसं, सगळं दुधात विरघळलेलं.

"पंधरा वर्षं हे भिंग माझ्याकडे आहे," नाना म्हणाले. "असा फोटो माझ्या हातून निघाला नाही, अक्का."

दौलतभाऊसुद्धा हळू बोलले. तेवढी एकच वेळ. "कंदीलनी काच नही हाई, नाना."

तो फोटो मोठा करून मिलिंदला धाडला. आजही तो सुनंदाच्या धुळ्याच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे, आणि कुणी विचारलं की ती सांगते, "आमच्या अक्कांनी काढलाय." मी तिच्याकडे गेले की त्याच्या खालच्याच खुर्चीवर बसते. कुणी विचारायचं राहू नये म्हणून!

पण दौलतभाऊंनी घोळ घातलाच. "बठ्ठा धाडा, पोऱ्याले घरनी आठवण यी," म्हणून त्यांनी उरलेले पस्तीसही पाकिटात कोंबले.

महिन्यानं मिलिंदचं उत्तर आलं. माझ्या नावानं!

"अक्का, ताईचा फोटो उशाशी ठेवलाय. बाकीचे पस्तीस आमच्या बराकीत हातोहात फिरले. आमच्या सुभेदारसाहेबांनी ते दोनदा बघितले. ते विचारतात, ढगाआडून डब्यावरचं नाव वाचणारी ही बाई इकडे टेहळणीला येईल का?"

मी उलट टपाली कळवलं: यायला तयार आहे. पण आधी इथल्या भिंतीवर बदली माणूस पाठवा.