येथे कागद फाटला आहे

पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी पुढे केली की ते आधी ती वाचायचे नाहीत. तिच्यावर तळहात ठेवायचे, समोरच्याकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "मिळेल. बसा तर सही."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडात बसतच नाही. आमच्या कॉलेजच्या या ग्रंथपालांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं अजून इंदूरकडेच आहेत. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक हिरव्या शाईचं. मराठी पक्की इंदुरी. "काय भिया, परीक्षा आली की याद येते का आमची?" असं म्हणत मुलांना रागवायचे आणि रागावता रागावताच शिडी लावून वर चढायचे.

एकदा भौतिकशास्त्राच्या एका मुलीला हवं असलेलं पुस्तक कपाटात नव्हतं. हे संध्याकाळी सायकल काढून राजेंद्र नगरला एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी गेले आणि त्यांची प्रत मागून आणली. मुलीला सांगितलं, "मागच्या बाजूला पडलं होतं." आम्हाला ते कळलं तेव्हा त्यांचं केवढं कौतुक वाटलं.

दुसरी गोष्ट स्टाफरूममधली. एका प्राध्यापकांनी गंमत म्हणून एका पुस्तकाचं नाव आणि लेखक, दोन्ही मनाने रचून चिठ्ठी पाठवली. यांनी चिठ्ठीवर हात ठेवला. "मिळेल." तीन दिवस शोधलं. चौथ्या दिवशी स्वतः स्टाफरूममध्ये येऊन सांगून गेले, "सर, ते बाइंडिंगला गेलंय. पुढच्या महिन्यात येईल." सगळे पोट धरून हसले. मी तेव्हा एम.ए.ला होते, मीही हसले. तेव्हाच थोडा विचार करायला हवा होता.

पुढे मला अलीराजपूरच्या सरकारी शाळेत नोकरी लागली. तिथून इंदूरला यायचं म्हणजे अख्खा दिवस बसमध्ये. त्याच सुमारास मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय होता इंदूरच्या मिलांमधली मराठी कुटुंबं. विषय घरातूनच आला होता. माझे बाबा मिलमध्ये टाइमकीपर. मिल बंद पडल्यावरही कितीतरी दिवस कामगारांची गेटवर हजेरी लागायची आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ती घ्यायला जायचे. मग हजेरीही बंद झाली. शहरात तेव्हा नवीन दुकानं, नवीन गाड्या, पलासियाला काचेच्या इमारती येत होत्या. आणि आमच्या चाळीत पुरुष दुपारी घरी असायचे.

कॉलेजच्या लायब्ररीत एका जुन्या मराठी साप्ताहिकाचे बांधलेले अंक होते. मिल चालू असतानाच्या काळातले. एम.ए.च्या वेळी मी ते एकदा चाळले होते. पान उलटलं की कोपरा हातात यायचा. ते घरी न्यायची परवानगी नव्हती, आणि झेरॉक्सच्या काचेवर दाबले असते तर त्यांचा चुराच झाला असता. मी हताश होऊन ग्रंथपालांसमोर बसले.

"सर, दर महिन्याला यायला मला जमणार नाही."

"यायचं कशाला, मॅडम?" नोकरी लागल्यापासून त्यांनी मला 'बेटा' म्हणायचं सोडलं होतं. "तुम्ही चिठ्ठी टाका. काय पाहिजे ते लिहा. मी हाताने उतरवून पाठवतो ना."

"एवढं लिहायचं म्हणजे तुम्हाला त्रास."

त्यांनी टेबलावर हात ठेवला. "बसा तर सही. चाय पिऊ."

आणि पाकिटं येऊ लागली. मी पोस्टकार्डावर लिहायची, 'वाइंडिंग खात्यातल्या बायकांबद्दल काही असेल तर पाहावे', आणि पंधरा दिवसांत हिरव्या शाईतले कागद यायचे. वर अंकाची तारीख, पान, रकाना. खाली गोल, सावकाश अक्षर. मध्येच कंसात लिहिलेलं असायचं, 'येथे कागद फाटला आहे' किंवा 'येथे तीन शब्द वाचता येत नाहीत'. हे कंस वाचून माझा ऊर भरून यायचा. मला वाटायचं, जो माणूस फाटलेली जागासुद्धा प्रामाणिकपणे दाखवतो, त्याच्याइतका विश्वासू कोण? सुट्टीत इंदूरला आले तरी लायब्ररीत जायची गरज मला वाटली नाही.

त्यातलं एक पत्र मला आजही पाठ आहे. 'वाइंडिंग खात्यातील एक बाई' अशी सही होती, म्हणजे बॉबिनवर सूत गुंडाळणारी. तिने संपादकांना लिहिलं होतं, 'माझे मूल तान्हे आहे. घरी कोणी नाही. मी त्यास बॉबिनच्या टोपलीत निजवते. साहेब आले की वरून सूत टाकते. मूल शहाणे आहे, रडत नाही.' मी ते सुट्टीत घरी बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी तो कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाले, "असंच होतं गं. अगदी असंच."

माझ्या प्रबंधातलं सगळ्यांत चांगलं प्रकरण या कागदांवर उभं राहिलं. त्यातला एक भाग मी एका चर्चासत्रात वाचला, तो त्यांच्या पुस्तिकेत छापूनही आला. माझ्या गाइडनी विचारलं होतं, "अंक तू स्वतः पाहिलेस ना?" मी म्हटलं, "हो, सर." अंक मी पाहिलेच होते. ती पानं पाहिली नव्हती. पण सरांनी अंकाबद्दल विचारलं होतं.

प्रबंध द्यायच्या आधी गाइड म्हणाले, त्या टोपलीच्या पत्राचा फोटो परिशिष्टात टाकू, परीक्षकांना आवडेल. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी न कळवताच इंदूरला आले. एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून कॅमेरा मागून घेतला आणि कॉलेजात गेले.

लायब्ररीचा अर्धा हॉल गायब होता. मध्ये प्लायवूडची भिंत, तिला काचेचं दार, दाराबाहेर मुलांच्या चपलांचा ढीग. आत थंडगार हवेत कॉम्प्युटर. कॉलेजने नवा कोर्स सुरू केला होता. टेबलाशी ग्रंथपाल नव्हते, एक अटेंडंट बाई बसल्या होत्या. मी साप्ताहिकाचे अंक मागितले.

"वो पुरानी वाली फाइलें?" त्या म्हणाल्या. "मॅडम, वो तो रद्दी में गईं. ये काँच लगा ना, उसके पहले ही."

"कब?"

"दो साल से ऊपर हो गए."

माझ्याकडे सगळ्यांत ताजं पाकीट तीन महिन्यांपूर्वीचं होतं. मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि माझा चेहरा बघून पाण्याचा ग्लास पुढे केला.

तेवढ्यात ते आले. मला बघून आनंदाने हसले, खुर्ची ओढली, सवयीने टेबलावर हात ठेवला. "अरे मॅडम! कळवलं नाही? काय पाहिजे, मिळेल."

"काय मिळेल?" मी म्हटलं. "अंक कुठे आहेत?"

त्यांनी अटेंडंट बाईंकडे पाहिलं. मग हळूहळू टेबलावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"पहिली तीन पाकिटं अंकांतूनच उतरवली," ते म्हणाले. "मग कमिटीचा हुकूम आला. मी सुट्टीवर होतो, आलो तर ठेला भरून गेला होता. आणि तुमचं कार्ड टेबलावर पडलं होतं."

"मग मला तसं लिहायचं ना!"

"लिहायला बसलो होतो. तुम्ही इतक्या लांब... नाही कसं म्हणायचं?"

"मग कुठून आणलंत सगळं? ते पत्र? टोपलीतलं मूल?"

ते खाली बघत म्हणाले, "आई वाइंडिंगला होती माझी. ती सांगायची. टोपलीत मीच होतो. मॅडम, त्यात एक अक्षर खोटं नाही."

"आणि ते कंस? कागद फाटला म्हणून?"

"तिथे मला तिचं बोलणं आठवत नव्हतं."

मी कॅमेरा पिशवीत परत ठेवला. आज हे लिहितानाही त्या रागाची धग जाणवते. हा माणूस मला नुसतं एवढं म्हणाला असता, की अंक गेले, पण माझी आई मिलमध्ये होती, ती काय सांगायची ते मी सांगतो, तर मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले असते. त्यांच्या आईचं नाव, त्यांचं नाव, तळटीपेत सन्मानाने लिहिलं असतं. अशा आठवणींसाठी मी दहा चाळी फिरत होते. त्यांनी खरी गोष्ट घेतली, तिच्यावर खोटी तारीख टाकली, खोटं पान टाकलं, आणि ती माझ्या आणि स्वतःच्याही उपयोगाची ठेवली नाही.

"तुम्ही मला फसवलंत, सर."

"मी मदत केली," ते म्हणाले. अगदी हळू. त्यांना ते खरंच वाटत होतं, हे मला जास्त लागलं.

मी गाइडना सगळं सांगितलं. 'हो, सर'सकट सगळं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आता मी तुझ्या इतर तळटीपांचं काय करू?" ते प्रकरण काढलं. चर्चासत्रवाल्यांना माफीचं पत्र लिहिलं. पहिल्या तीन पाकिटांतलं खरं होतं, पण ताडून बघायला अंकच नव्हते, म्हणून तेही गेलं. घरी बाबा म्हणाले, "पण असंच होतं गं," आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले.

कॉलेजात मी तक्रार केली नाही. त्यात दया नव्हती. चौकशी झाली असती तर मी न पाहिलेली पानं पाहिली म्हणून सांगितली, हेही चारचौघांत आलं असतं. काही महिन्यांनी अलीराजपूरला हिरव्या शाईतला पत्ता असलेलं एक पाकीट आलं. मी ते पोस्टमनच्या हातातच परत दिलं.

प्रबंध पुरा व्हायला आणखी तीन वर्षं लागली. पदवी मिळाल्यावर मी चौकशी केली. ते निवृत्त होऊन इंदूरजवळच राऊला मुलाकडे राहायला गेले होते. बांधलेली एक प्रत घेऊन मी तिकडे गेले. खरं सांगायचं तर प्रेमाने गेले नव्हते. तुमच्याशिवाय झालं, हे मला त्यांच्या टेबलावर ठेवायचं होतं.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. दिवाळीनंतर ते गेले, म्हणाल्या. चार दिवसांचा ताप. मी काही बोलायच्या आत त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या प्रबंधाकडे गेलं.

"तुम्ही अलीराजपूरच्या मॅडम ना? हेच का ते? बसा, बसा. ते नेहमी सांगायचे, मॅडमच्या पुस्तकात आपल्या आईची गोष्ट आहे. सगळ्या नातेवाईकांना सांगितलंय त्यांनी. सासूबाईंचं कोणत्या पानावर आहे? थांबा, चष्मा आणते."

त्या आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं, मग ट्रंकेचं. खोटं बोलायला मला तेवढा वेळ होता. त्या चष्मा पुसत बाहेर आल्या तेव्हा मी म्हटलं, "यात नाही ते. काढावं लागलं."

त्यांना नीट कळलं नसावं. किंवा कळलं असेल. त्यांनी प्रबंध माझ्या हातातून घेतला, पलंगावर पाय वर घेऊन बसल्या आणि पहिलं पान उघडलं.

"तरी पण बघते," त्या म्हणाल्या.

बोटाने एकेक ओळ धरून त्या वाचत होत्या. मी निघाले तेव्हा अनुक्रमणिकासुद्धा संपली नव्हती.