डावीकडे, सगळ्यांना डावीकडे

एवाल्ड क्नोके दुधाची गाडी घेऊन निघाला की जर्मनीतल्या हाइडेनबेक गावच्या बायका म्हणत, "चला, आता दूध दारात येईपर्यंत त्याचं दही होणार." माणूस आळशी नव्हता, संथ होता. घोडीला चाबूक लावणं त्याच्या जिवावर यायचं, आणि वाटेत कुणाची गाय लंगडताना दिसली की हा गाडीवरून उतरून तिचा खूर बघत बसायचा. असल्या माणसाला सरकारनं जगातल्या सगळ्यात घायकुत्या सैन्यात भरती केलं. सरकारला अक्कल असते असं ज्यांना वाटतं, त्यांना वाटू दे.

आजही गुत्त्यात बिअरचा मग आपटत म्हातारे बढाया मारतात. काय तो वेग, काय ते रणगाडे, शत्रूला बुटाची नाडी बांधायला सवड मिळाली नाही! ऐकून डोकं फिरतं. वेगाची मजा पुढच्याला. रणगाडे कुणासाठी थांबत नसत. ते सुसाट पुढे जात, आणि पायी चालणारी फौज आपल्या घोड्यांसकट दोन-दोन दिवस मागे राही. मधला मुलूख ना आपला, ना त्यांचा. तिथे जागोजाग एकेक माणूस उभा करून ठेवायचे, मागून येणाऱ्या गाड्यांना वाट दाखवायला. एवाल्ड त्यातलाच एक.

१९४० साली आर्देनचं जंगल ओलांडून फ्रान्समध्ये शिरल्यावर एका दुपारी सार्जंट ब्रुन्सनं त्याला एका तिठ्यावर उतरवलं. हातात दांड्याची लाल-पांढरी चकती दिली.

"डावीकडे. सगळ्यांना डावीकडे पाठवायचं. उजवीकडचा रस्ता रुंद दिसतो, पण वळणापलीकडे पूल उडालाय. खाली नदी."

"पाटी लावायची का साहेब?"

"पाट्यांची गाडी मागे बंद पडलीय. तूच पाटी. इथून हलायचं नाही, पायदळ येईपर्यंत."

"कधी येईल?"

"येईल तेव्हा येईल. का रे, टरकली?"

"नाही साहेब."

"म्हणजे खोटंही बोलतोस," ब्रुन्स म्हणाला, आणि मोटरसायकल धुरळ्यात दिसेनाशी झाली.

मग जी शांतता पसरली तिनं एवाल्डची पाचावर धारण बसली. घरांची दारं उघडी, माणूस एक नाही. एका खिडकीतला पडदा हलला. वारा असेल. नसेल तर? वाट चुकलेले फ्रेंच शिपाई ह्याच रानात फिरत असणार, आणि ह्याच्याजवळ एक बंदूक नि एक चकती. पाठ कुठल्या बाजूला करावी तेच त्याला कळेना. तो जागच्या जागी गोल फिरत राहिला.

आणि त्यात गायी हंबरायला लागल्या. तिठ्याला लागून कुंपण होतं, त्यापलीकडे कुरणात सात-आठ गायी. मालक पळून गेलेला, दोन दिवस धार काढलेली नाही. सड सुजून टरटरलेले. ते हंबरणं ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. एवाल्डनं आधी कान झाकले. मग स्वतःला म्हणाला, एकीची काढू, एकीची काढायला कितीसा वेळ लागतो? खरं सांगायचं तर दयेपेक्षा भीतीच मोठी होती. गायीच्या कुशीला डोकं टेकवून बसलं की आपण हाइडेनबेकला आहोत असं वाटेल, एवढाच त्याचा लोभ. चकती कुंपणाला लावून तो आत गेला. तांबड्या गायीची धार त्यानं गवतावर सोडली. पहिलीनंतर त्यानं दुसरी घेतली.

इंजिनांचा आवाज त्यानं ऐकला, पण उशिरा. कुंपणाशी धावत येईतो पेट्रोलच्या ट्रकांचा ताफा तिठ्यावर येऊन गेलाही होता. कुणी दाखवायला नाही, मग चालकांनी रुंद रस्ता धरला. उजवा. सगळे सुसाट, कारण सुसाट जाण्याचाच हुकूम.

"डावीकडे! अरे डावीकडे!" एवाल्ड बोंबलत राहिला. वळणापलीकडून लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग ब्रेकांची किंकाळी.

उरलेले ट्रक मागे मागे येत तिठ्यावर वळले. पुढच्यातून एक कोवळा लेफ्टनंट उतरला. डोळे लालभडक, झोप उडवायच्या गोळ्या खाऊन तरारलेले. जागा सोडणाऱ्याला भिंतीशी उभं करून गोळी घालतात हे एवाल्डला ठाऊक होतं.

"मी जागेवर नव्हतो साहेब. गायीची धार काढत होतो."

लेफ्टनंटनं ऐकलं की नाही कोण जाणे.

"रस्ता कुठला?"

"डावीकडचा. पण साहेब, खालची माणसं..."

"वर आली त्यांना घेतलंय. बाकीच्यांना दवाखान्याची गाडी बघेल, मागून येतेय. पुढे रणगाडे पेट्रोलविना कोरडे पडलेत. आमच्या मागे अजून ताफे आहेत, आता इथून हललास तर बघ."

आणि ते गेले. ना नाव विचारलं, ना चौकशी. शिक्षा करायलाही त्या सैन्याला सवड नव्हती.

धुरळा बसला तेव्हा नदीकडून हाक आली. "अरे कोणी आहे का? पाय अडकलाय माझा!" बोली आपल्याच भागातली, लिपे परगण्याची. एवाल्ड दोन पावलं गेला. मागून इंजिनं वाजली, तो परत फिरला. ताफा डावीकडे लावला. पुन्हा हाक. पुन्हा दोन पावलं, पुन्हा ताफा. एकदा जागा सोडली तर हे झालं, पुन्हा सोडली तर? आणि नाही सोडली तर? चकती धरलेला हात डावीकडे, कान उजवीकडे, असा तो उभा होता. हाकेतले शब्द गेले, नुसता आवाज राहिला. मग तोही राहिला नाही. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं.

दवाखान्याची गाडी आली तेव्हा त्यानं चकती उजवीकडे केली. चालकानं डोकं बाहेर काढलं.

"आम्हाला डावीकडे सांगितलंय. उजवीकडे काय?"

"माणूस आहे. नदीत."

"जिवंत?"

एवाल्ड नदीकडे कान देऊन उभा राहिला. चालकानं क्षणभर वाट पाहिली आणि गाडी डावीकडे घातली.

युद्ध संपलं, एवाल्ड जिवंत परतला, पुन्हा दुधाच्या गाडीवर बसला. त्या दिवसाबद्दल त्याला कुणीही, कधीही, काही विचारलं नाही. म्हातारपणी एकदा बटाटे सोलताना पुतणी इर्मेलनं सहज विचारलं, "काका, तुम्हाला फ्रेंचांची खूप भीती वाटायची का हो?" तेव्हा त्यानं हे सगळं पहिल्यांदा सांगितलं, सुरी न थांबवता.

"फ्रेंच दिसला कुठे मला? भीती त्या हाकेची वाटायची. पुन्हा येईल, पुन्हा येईल. आणि ती थांबली ना, पोरी, तेव्हा मला बरं वाटलं."