रिकाम्या गावातला माग

शहादेव साळ्याला दुःख झालं की तो मागावर बसायचा. माणसं अशा वेळी देवळात जातात, गुत्त्यावर जातात, नाहीतर घरी येऊन बायकोवर हात टाकतात. ह्याचं आपलं एकच. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडायचे आणि धोटा इकडून तिकडे फेकत राहायचा. पहिलं पोरगं तान्हेपणी गेलं, तेव्हा त्याला पुरून आला आणि सुतक संपायची वाट न बघता मागावर बसला. दुसरं गेलं तेव्हाही तेच. बायको बायनाबाई भिंतीला डोकं टेकून रडायची आणि पलीकडे ह्याची खटक-खटक चालू. शेजारच्या बाया म्हणायच्या, मेल्याचं काळीज दगडाचं आहे. काळीज कसलं दगडाचं? हात रिकामे राहिले की ह्याचा जीव गुदमरायचा. सोसायची दुसरी रीत त्याला कुणी शिकवलीच नव्हती, आणि त्याला ती शोधायलाही सुचलं नाही.

पालीच्या शेजारी, बिंदुसरेच्या काठाला त्यांचं गाव होतं. अंमल निजामाचा. शहादेव जाडीभरडी लुगडी आणि पासोड्या विणायचा आणि बीडच्या बाजारात नेऊन विकायचा. दोन पोरं मातीत गेल्यावर तिसरी केशर जगली. तिचं लग्न पाळण्यातून उतरली तशीच उरकलं होतं, गेवराईच्या साळ्याच्या घरात. आता न्हाण येऊन ती शहाणी झाली होती आणि पाडव्याला सासरची माणसं तिला न्यायला येणार होती.

साळ्याच्या घरात नवं कापड कुणाच्या अंगाला लागत नाही, ते सगळं बाजारात जातं. बायनाबाईनं सारा संसार दांड घातलेल्या, म्हणजे दोन जुन्यांचं एक केलेल्या लुगड्यावर काढला. पण केशर सासरी जाईल ती बापाच्या मागावरच्या कोऱ्या लुगड्यात, हे शहादेवनं मनाशी ठरवलं होतं. त्यानं मागावर हिरव्या उभ्या धाग्यांचा ताणा लावला, काठाला कुंकवाच्या रंगाचं सूत घातलं. बायनाबाईनं रात्रंदिवस बसून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरल्या. सुताला ज्वारीची खळ चढवली. लुगडं निम्म्यावर आलं आणि गावात उंदीर पडायला लागले.

उंदीर पडले म्हणजे काय ते त्या दिवसांत पोरासोरांनाही कळत होतं. मागोमाग गाठीचा ताप येतो, काखेत नाहीतर जांघेत गाठ उठते आणि माणूस दोन-चार दिवसांत जातो. तहसिलीतून हुकूम आला. मोहनराव पाटलानं दवंडी पिटवली की सगळ्यांनी गाव मोकळं करून माळावर झोपड्या घालायच्या, आणि पुन्हा सांगेपर्यंत कुणी वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही.

लोकांनी देव उचलले, दाण्याची पोती उचलली, जनावरं सोडली. साळ्यानं काय उचलावं? माग तर जमिनीत खड्डा खणून बसवलेला. ताणा कापून गुंडाळला तर लुगडं निम्मंच राहणार. शहादेवनं कात्री हातात घेतली, दोनदा सुताला लावली आणि ठेवून दिली. जादाचा धोटा, जुनी फणी असलं थोडं सामान धोतरात बांधून त्याचं बोचकं केलं आणि तो सगळ्यांच्या मागून बाहेर पडला.

माळावर कडब्याच्या झोपड्यांची आळी उभी राहिली. पाटलाचा कडक बंदोबस्त होता. गावातून आणलेलं प्रत्येक कापड, वाकळ, पोतं आधी माळाच्या टोकाला असलेल्या खडकावर सगळ्यांच्या देखत कडक उन्हात घालायचं, मगच झोपडीत न्यायचं. वेशीत सटवा राखणीला बसला होता. कुणबी आपापल्या रानात सुगीला जाऊ लागले. रानाला काही गाव सोडावं लागत नाही. शहादेवला रानही नव्हतं आणि मागही नव्हता. तो झोपडीच्या दारात बसून मांडीवर बोटं वाजवत राहायचा.

"अवो, कुनाकडं ज्वारी काढायला तरी जा," बायनाबाई म्हणायची. "बसून बसून याड लागंल."

तो एक दिवस धोंडीरामच्या रानात गेला. शेजारचा होता, चांगला माणूस. पण खड्ड्यात बसून जन्म गेलेल्या माणसाला ओणवं राहून कापणी कसली जमते! दुपारी कंबर धरून परत आला, आणि बाया हसल्या.

आणि केशर रोज विचारायची. भांडणासाठी नव्हे, आपली विचारायची. "आबा, आपल्या मागाला खळ हाय ना? उंदरं खळ खात्यात का ओ?"

"न्हाई खात," शहादेव म्हणायचा.

उंदीर खळ खातात. साळ्याच्या घरात जन्मलेल्या पोरीला ते ठाऊक होतं, आणि बापालाही. दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत.

एका दुपारी सगळा माळ पेंगुळलेला असताना, "सरपन आनतो," म्हणून तो उठला. ओढ्याच्या अंगानं खाली उतरला आणि गावकुसाची भिंत जिथं पडली होती तिथून आत शिरला. नुसतं बघून येऊ, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. माणूस स्वतःशी जितकं खोटं बोलतो तितकं परक्याशी बोलत नाही.

गाव उघडं पडलं होतं. दारं लोटलेली, उखळात पालापाचोळा, आडावर पोहरा नाही. त्यानं आपल्या घराची कडी काढली. आत माग होता तसा होता. एका कडेला चार-दोन धागे कुरतडले होते, बाकी ताणा शाबूत. खड्ड्यात एक उंदीर मरून पडला होता. शहादेवनं तो काटकीनं उचलून परसात फेकला, खड्ड्यात पाय सोडले आणि तुटलेले धागे जोडायला बसला. जोडता जोडता धोटा हातात आला. हात चालायला लागला तसा कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. येताना कुठूनतरी काटक्या गोळा करायचा. "एवढंसं सरपन?" बायनाबाई म्हणायची. "चिमनीला घरटं बांधून देयाचंय का?" तो हसायचा. तिला बरं वाटायचं, की नवरा हसायला तरी लागला.

इकडे सटवा घाबराघुबरा होऊन माळावर आला. गावात माग वाजतो, भर दुपारी, आपल्या कानानं ऐकला, असं तो शपथेवर सांगू लागला. "आरं, शहादेवचा मेलेला बाप बसला आसंल," कुणीतरी म्हणालं. "लई जीव व्हता म्हाताऱ्याचा मागावर." बायांनी वेशीकडे तोंड करून हात जोडले. शहादेव सगळ्यांबरोबर बसून हे ऐकत होता. त्यानंही हात जोडले.

होळी जवळ आली तेव्हा लुगडं पुरं झालं. त्यानं ते मागावरून कापून काढलं, उंबऱ्याच्या उजेडात धरलं. जन्मात असं कापड त्याच्या हातून उतरलं नव्हतं. काठ अंगठ्याखालून घेताना त्याला आपली दोन्ही पोरं आठवली आणि तो तिथंच उभ्या उभ्या रडला. मग लुगडं झटकलं, घडी करून बंडीखाली पोटाला बांधलं आणि बाहेर पडला.

माळावर चढता चढता खडक दिसला आणि त्याचे पाय थांबले. गावातलं कापड उन्हात घालायला हवं होतं. पण सगळ्यांच्या देखत? कोरं हिरवं लुगडं तिथं पसरलं की शेंबडं पोरगंसुद्धा विचारणार, हे आणलं कुठून? मग पाटील, मग तहसिलीतला जवान, दंड, आणि झोपडी मोडून आळीबाहेर. दुसरीकडे नेऊन रानात पसरावं तर सुगीमुळे बांधाबांधावर माणसं. तो वाटेवरच्या बाभळीखाली बराच वेळ बसला. बसल्या बसल्या मनाची समजूत घातली. जुन्या वाकळेत रोग असतो. हे तर आत्ता मागावरून उतरलेलं, कुणाच्या अंगाला न लागलेलं कापड. कोऱ्या कापडात काय असणार? साळी होता, कोऱ्या कापडावर त्याचा विश्वास होता.

झोपडीत कुणी नव्हतं. त्यानं लुगडं सामानाच्या बोचक्यात घातलं आणि गाठ मारली. पाडव्यापर्यंत गाव उघडेल, तेव्हा मागावरून उतरवलं म्हणून केशरच्या हातात देऊ, असा त्याचा बेत होता.

ते बोचकं केशर उशाला घ्यायची.

हे त्याला ठाऊक होतं. रोज डोळ्यांसमोर होतं. पोरीच्या डोक्याखाली लाकडी धोट्याऐवजी मऊ कापड आलं, म्हणून त्याला उलट बरंच वाटलं होतं.

होळी पेटली त्या संध्याकाळी केशर नैवेद्याची पोळी न खाता आडवी झाली. सकाळी अंग तव्यासारखं तापलं होतं. मानेखाली हात लावला की ओरडायची. बायनाबाईनं तिचं डोकं कुशीत घेतलं आणि चाचपून बघितलं. कानामागे गाठ होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "कावून? आपुन तर गाव सोडलंय! कशी आली ही?"

पाटलाच्या हुकुमानं त्यांना ओढ्यापलीकडे वेगळी झोपडी घालून दिली. केशरला बाजेवर उचलताना शहादेवनं बोचकं ओढून घ्यायला हात घातला. "ऱ्हाऊ द्या ना, आबा," ती म्हणाली. "मऊ लागतंय डोस्क्याला." त्यानं हात मागे घेतला. आता काय फरक पडणार, असं त्याला वाटलं. शिवाय ओढलं तर बायनाबाई विचारेल, हेही वाटलं. खरं तेच जास्त वाटलं.

धोंडीराम ओढ्याच्या अलीकडून भाकरी आणि पाणी ठेवून जायचा. गाठीवर बिब्बा लावून झाला, लिंबाचा पाला बांधून झाला. केशर तापात बरळायची. एकदा म्हणाली, "गेवराईची मानसं आली का? म्या काय नेसू?" बायनाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "आबा हायेत ना तुजे, इनत्याल की." शहादेव झोपडीबाहेर जाऊन ओढ्याच्या वाळूत तोंड खुपसून पडला. तिथं माग नव्हता. काय करावं हे त्याच्या हातांना समजेना, ते वाळू उपसत राहिले.

केशर पहाटेची गेली. नवरा जिवंत असलेली पोर, तिला हिरवं नेसवून, ओटी भरून पाठवायचं. बायनाबाईनं आपलं गाठोडं सोडलं. आत तिचंच एक दांड घातलेलं लुगडं होतं, बरंच विरलेलं. तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट करून कमी फाटकी बाजू शोधली आणि नुसती बसून राहिली.

बोचकं शहादेवच्या हाताशी होतं. गाठ सोडायची, एवढंच काम. गाठ सोडली असती तर पोर निदान आपल्या लुगड्यात गेली असती. पण मग बायनाबाईनं मान वर करून बघितलं असतं. त्या नजरेला तो भ्याला. मेलेल्या पोरीपेक्षा जित्या बायकोला भ्याला, आणि गाठ तशीच ठेवली.

"साळ्याची लेक," बायनाबाई लुगडं नेसवता नेसवता म्हणाली, "दांडाच्या लुगड्यात चालली."

धोंडीरामनं आणि आणखी एकानं लाकडं रचून दिली आणि ती लांब उभी राहिली. जाळ शहादेवनं दिला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर तो उठला. बोचकं काखेत घेतलं, ओढा ओलांडला आणि आळीच्या समोरून सरळ खडकावर गेला. ओढ्यापलीकडे ठेवलेल्यांना अलीकडे यायची बंदी होती. कुणीतरी हाळी दिली, त्यानं ऐकलं नाही. गाठ सोडून त्यानं लुगडं काढलं आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खडकावर अंथरलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. हिरवंगार लुगडं, कुंकवाचा काठ, उन्हात डोळे दिपतील असं.

माणसं झोपड्यांतून बाहेर आली. सटवानं बघितलं आणि गावात माग कोण वाजवत होतं ते त्याला समजलं. मोहनराव पाटील तरातरा चार पावलं पुढं आला आणि तसाच थांबला. मग हातानंच त्यानं लोकांना मागं सारलं.

बायनाबाई ओढ्याकडून आली. तिनं वाकून काठ बोटाखाली घेतला. ते सूत तिनंच कांड्यांवर भरलं होतं, तिला ओळखायला वेळ लागला नाही.

"कवा आनलं?"

"होळीच्या आदी."

"उन्हात घातलं न्हाई?"

"न्हाई."

तिला सगळं कळलं. एवढंसं सरपण, नवऱ्याचं हसणं, कानामागची गाठ. शहादेव खाली मान घालून उभा होता. तिनं दगड उचलावा, शिव्या घालाव्या, निदान छाती पिटावी, अशी तो वाट बघत होता. बायनाबाईनं काठ सोडला.

"तिनं बघितलं व्हतं का हे?" तिनं विचारलं. "एकदा तरी?"

एक 'व्हय' म्हणायचं होतं. तेवढ्या एका शब्दावर बायनाबाईनं उरलेला जन्म काढला असता, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. इतके दिवस खोटं बोललेल्या तोंडाला हे एकच जड झालं.

"न्हाई," तो म्हणाला. "तिच्या उशाला व्हतं. तिला ठावं नव्हतं."

बायनाबाईनं बाजारात भाव ऐकल्यावर हलवावी तशी मान हलवली. मग ती वळली आणि केशरला जिथं जाळलं होतं तिकडच्या वाटेनं एकटीच चालू लागली. शहादेव तिच्यामागं दोन पावलं गेला. तिनं मागं न बघताच हात केला, येऊ नका म्हणून. तो परत आला आणि लुगड्याशेजारी खडकावर बसला. ऊन कलेपर्यंत त्याच्या जवळ कुणी आलं नाही.