खरपुडीची कुंडी

झाडाला जात नसते, असे अध्यक्ष म्हणाले. मोठे वाक्य. पनवेलच्या त्या सभागृहात टाळ्या पडल्या. मी ते दारापाशी ऐकले, चपलांच्या शेजारी उभी राहून. आम्हां कातकऱ्यांची जागा तीच होती.

टेबलावर खरपुडीची कुंडी होती. खरपुडी म्हणजे पावसात डोंगरउतारावर येणारा नाजूक वेल, कंदिलासारख्या फुलांचा. मुंबईच्या एका प्राध्यापकांनी तो शोधला, म्हणून वनस्पती-रक्षक मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला होता. शोधला म्हणजे, माझ्या बाने त्यांना कर्नाळ्याकडच्या उतारावर नेऊन बोटाने दाखवला. कुंडीही बानेच डोक्यावरून आणली, मागच्या दाराने. ती ठेवून तो खाली उतरताच एका सभासदाने पंचपात्रीतले पाणी तिच्यावर शिंपडले. मग अध्यक्षांनी तिला हार घातला. मग जातीचे ते वाक्य.

मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. समतेवरच्या निबंधाला बक्षीस मिळालेली. ते थेंब पाहिले आणि कानशिले तापली. संतापाने नव्हे. बाच्या लंगोटीची लाज वाटली. मग त्या लाजेचीही लाज वाटली.

असली झाडे संपत का चालली, असे अध्यक्षांनी बाला विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले. "तुम्ही लोक सगळं उकरून खाता. आमचं अख्खं वनस्पतिशास्त्र तुमच्या पोटात गेलंय."

सभा हसली. बाही हसला. साहेब हसले की आपण हसायचे, एवढे शिक्षण त्याला मिळाले होते. ते हसू मला अजून दिसते.

आमच्यात खरपुडीचे बी उडाल्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही. खणली तरी मोठा कंद घ्यायचा, धाकटा परत पुरायचा. उतारावर बा तसाच धाकटा पुरायला बसला, तर प्राध्यापकांनी तोही पिशवीत टाकायला लावला. नमुना म्हणून. त्या उतारावर मग काही उरले नाही.

आता प्राध्यापक बाला म्हणाले, "आणखी कुठे आहेत? सगळी इथल्या बागेत आणू. सुरक्षित राहतील."

आणखी होती, एकाच कड्याखाली. ते बाला ठाऊक होते आणि मला. बाने नेहमीसारखे तोंड उघडले. "हाय ना साहेब, तिकडं..."

"बा, नाय सांगायचं."

माना वळल्या. ही कोण, अध्यक्षांनी विचारले.

"माजी पोर हाय," बा म्हणाला. "ती नाय बोलली, म्हंजी नाय."

आणि चुंबळ उचलून तो माझ्याकडे आला. पुढच्या दाराने.

पुढे मी मास्तरीण झाले. तो कडा कोणत्याही मंडळाला दाखवला नाही, दाखवणार नाही. वाडीतल्या पोरांना दर वर्षी नेते, आणि धाकटा कंद पुरल्याशिवाय कोणाला खाली उतरू देत नाही. सभेला गेले तर खुर्चीवर बसते. खुर्ची दिली नाही तर ओढून घेते.

सत्काराची खरपुडी दिवाळीनंतर वाळली. ती वाळतेच, कंद झोपतो, पावसात उठतो. मंडळाने मेली समजून माती उकिरड्यावर ओतली. कुंडीत आता गुलाब आहे. 'दुर्मिळ देशी वनस्पती' ही पाटी तशीच आहे.