नदीकाठी मुकाट

गावातले निम्मे लोक तिला वहिनी म्हणतात. उरलेले निम्मेही वहिनीच म्हणतात, कारण पहिल्या निम्म्यांनी तशी सवय लावून ठेवली आहे. खरी वहिनी ती एकीचीच, नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची. पण औषधांच्या दुकानाचा मालक, जो वयाने तिच्याहून चांगला सहा वर्षांनी मोठा आहे, तोही "वहिनी, जरा बघता का" म्हणत फाटकी पिशवी पुढे करतो, तेव्हा तीसुद्धा निमूटपणे मशीनवर वाकते.

किल्ल्याच्या खालच्या दरवाजापाशी तिची एक खोली आहे. दोन मशिनं, एक लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले कॅनव्हासचे तुकडे. सायकलला मागे अडकवायच्या पिशव्या, सीटची कव्हरं, पावसाचे कोट, हे तिचं काम. शिवण अशी की पिशवी झिजते पण टाका हलत नाही. कुणी कौतुक केलं की "दोरा चांगला आहे" म्हणून मोकळी होते. एकूणच तिला बोलण्याचं वावडं. देवाने तिच्या वाट्याचं बोलणंही नणंदेला देऊन टाकलं असावं, असं तिचा नवरा म्हणतो.

ही नणंद म्हणजे चिऊ. वय वर्षं त्रेपन्न, चष्म्याच्या दुकानात काम, आणि लहानपणी चिवचिवाट करायची म्हणून पडलेलं नाव अजून तसंच. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की गिऱ्हाइकाचा नंबर तपासून होईपर्यंत त्याच्या घरातल्या चार पिढ्यांची विचारपूस होऊन जाते.

या दोघी गेली बावीस वर्षं सायकल क्लबचा रस्ता लिहितात.

दर वर्षी एका रविवारी क्लबची मोठी फेरी असते. आपल्या किल्ल्यापासून निघायचं, टेकड्या ओलांडायच्या, नदीला लागायचं, काठाकाठाने वीस किलोमीटर जायचं, मग दगडी फरसबंदीची गल्ली चढून दुसऱ्या किल्ल्याच्या गावात आणि तिथून उतरून तिसऱ्या. एकूण ऐंशी किलोमीटर. प्रत्येकाच्या हँडलला एक घडीचा कागद बांधलेला असतो, वहिनीने शिवलेल्या प्लॅस्टिकच्या खिशात. कुठे वळायचं, पाणी कुठे मिळेल, आणि चढ कसा आहे.

चढ कसा आहे ते इथे आकड्यात लिहीत नाहीत. पहिल्या वर्षी दोघी रस्ता बघायला गेल्या, तेव्हा चिऊ दुकानातल्या कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची हकिगत सांगत होती. पहिल्या टेकडीवर हकिगत चालू राहिली. दुसऱ्या टेकडीवर ती "हो" आणि "नाही" वर आली. फरसबंदीच्या गल्लीत ऐन रंगात आलेली हकिगत बंदच पडली, फक्त श्वास ऐकू येत होता. मागून येणाऱ्या वहिनीने कागदावर लिहिलं: गोष्ट, हो-नाही, मुकाट. तेव्हापासून हीच तीन मापं. नवखा माणूससुद्धा वाचून लगेच समजतो. रस्ता बघायला दोघींनीच जायचं, चिऊने पुढे राहून बोलायचं आणि वहिनीने मागून ऐकून लिहायचं, असा नियमच पडून गेला. खाली दोघींची सही.

यंदा मात्र सगळं बिनसलं होतं.

गेल्या फेरीत दुसऱ्या किल्ल्यावरून उतरताना, कड्याजवळच्या वळणावर चिऊ पडली. मनगट मोडलं, डोक्याला मार लागला. मनगट सहा आठवड्यांत जुळलं आणि चिऊ पुन्हा सायकलवर बसली. वहिनी तिला काही बोलली नाही. फेरीच्या नावांची वेळ आली तेव्हा तिने औषधवाल्याला, जो क्लबचा सेक्रेटरीही आहे, हळूच गाठलं. "यंदा चिऊताईचं नाव नका घालू. कागदाचं काम आम्ही दोघी करू, पण फेरीत नको. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

तो बिचारा काही बोलला नाही. पण यादी त्याच्याच दुकानातल्या फळ्यावर लागते, आणि फळ्यावर बावीस वर्षांत पहिल्यांदाच चिऊच्या दोन नंबरच्या जागी दुसरंच नाव होतं. चिऊने त्याला पाच मिनिटांत बोलतं केलं. तिथून ती थेट शिवणकामाच्या खोलीत आली.

"मला सांगायचं होतंस, वहिनी," ती म्हणाली. "त्याला नाही."

त्यानंतर तीन महिने अबोला.

अबोला वहिनीला जमण्यासारखा होता. चिऊला जमेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण तिने तोही हट्टाने पाळला. मध्ये सापडला वहिनीचा नवरा. जन्मभर भिंतीवरची घड्याळं दुरुस्त केलेला हा गृहस्थ आता निरोप्या झाला. "चिऊ विचारतेय, रस्ता बघायला शनिवारी सकाळी सहाला चालेल का." "तिला म्हणावं, चालेल." "अगं, ती दारातच उभी आहे!" "मग तिला ऐकू आलं असेलच."

दोघींपैकी एकीनेही कागदाचं काम सोडलं नाही. शनिवारी सहाला निघाल्या. चिऊ पुढे, वहिनी मागे, हँडलला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. टेकड्या गेल्या. नदी आली. काठावर धुकं होतं, पलीकडे कुणीतरी होडी उलटी घालून तिला डांबर लावत होतं. एरवी चिऊने त्या माणसाला हाक मारून त्याची जन्मकुंडली काढली असती. आज हूं नाही की चूं नाही. नळावर पाणी भरताना तिने वहिनीचीही बाटली भरली आणि तोंड दुसरीकडे करून हातात दिली. कड्याजवळच्या त्या वळणावर ती सायकलवरून उतरली आणि चालत गेली. वहिनीने ते पाहिलं. ब्रेक दाबून ती तिच्या मागेमागे हळूहळू उतरली.

संध्याकाळी वहिनीने कागद सुवाच्य अक्षरात उतरवला. दोघींच्या सह्या झाल्या, चिऊची सही घ्यायला नवराच गेला. ती न वाचताच सही करून मोकळी झाली. कागद छापून वाटला गेला.

फेरीला पाच दिवस उरले असताना औषधवाला खोलीत आला. उभाच राहिला, हातात कागद.

"वहिनी, रागावू नका. नदीकाठचा रस्ता टेबलासारखा सपाट आहे ना?"

"आहे की."

"मग इथे मुकाट का लिहिलंय? आणि पहिल्या टेकडीला मुकाट. दुसरीला मुकाट. उतारालासुद्धा मुकाट!" त्याला हसू आवरत नव्हतं, पण ते फार वेळ टिकलंही नाही. "सात नवख्यांनी नावं मागे घेतली. म्हणाले, ऐंशी किलोमीटर असाच चढ असेल तर नको रे बाबा. काही जण म्हणतायत, आता फोनवरचा नकाशाच वापरू या. मी म्हटलं, आधी वहिनींना विचारतो."

वहिनीने कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत एकच शब्द, तिच्याच वळणदार अक्षरात. बावीस वर्षं कानाला जे ऐकू आलं ते हात लिहीत आला होता. त्या शनिवारीही हाताने तेच केलं. रस्त्याचं माप घ्यायला गेलेली बाई स्वतःच्या घरातलं माप लिहून आली होती, आणि ते छापून चाळीस लोकांच्या हातात पडलं होतं.

"बदलून देते," ती एवढंच म्हणाली. तो गेल्यावर मात्र बराच वेळ मशीन सुरू झालं नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या कागद दुरुस्त करणं तिला अवघड नव्हतं, सगळे चढ पाठ होते. पण सही दोघींची होती. आणि तिला स्वतःची लाज वाटत होती.

चष्म्याच्या दुकानात चिऊ एका म्हाताऱ्याच्या फ्रेमचा स्क्रू घट्ट करत होती. वहिनीने काउंटरवर कागद ठेवला. चिऊने म्हाताऱ्याला वाटेला लावलं, स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचलं. ओठ घट्ट मिटलेले होते, पण एक कोपरा हलला.

"नदीकाठी मुकाट," ती म्हणाली. तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य. "तिथे मी एकदा तुला माझ्या साहेबाच्या तिन्ही बायकांची कथा सांगितली होती."

"दोन झाल्या होत्या. तिसरी गल्लीच्या चढात अडकली."

"अजून अडकलीच आहे. परवा सुट्टी आहे मला."

परवा दोघी पुन्हा निघाल्या. पण अबोला मोडला म्हणजे बोलणं येतंच असं नाही. चिऊने टेकडीवर दोनतीनदा काहीतरी सुरू केलं आणि सोडून दिलं. नदीकाठी आल्यावर ती म्हणाली, "वहिनी, आज तू पुढे हो. तू बोल. मी ऐकते."

"मला येत नाही बोलायला."

"त्या औषधवाल्याशी बोलता आलं ना?"

हे वर्मी लागलं. वहिनी पुढे झाली. अर्धा किलोमीटर नुसतीच पॅडल मारत राहिली. मग पुढे बघतच, मान न वळवता बोलायला लागली.

"चुकलं माझं. तुला सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर त्या दिवसाचं सगळं सांगावं लागलं असतं. तू पडलीस ते तुला आठवतं. पुढचं आठवतं?"

"डॉक्टर म्हणाले, अर्धा तास भ्रम होता."

"त्या अर्ध्या तासात तू मला ओळखत नव्हतीस, चिऊताई."

वहिनी बोलत राहिली. रस्त्याच्या कडेला मांडीवर तुझं डोकं घेऊन बसले होते, म्हणाली. गाडी येईना. तू डोळे उघडून माझ्याकडे बघायचीस, अगदी दुकानात आलेल्या नवीन बाईकडे बघावं तसं. मी नाव सांगितलं, भावाचं नाव सांगितलं, तू नुसती मान हलवायचीस. बोलता बोलता सपाट रस्ता संपला. पूल गेला. फरसबंदीची गल्ली समोर उभी राहिली, आणि वहिनी थांबली नाही. गिअर पाडला, सीटवरून उठली, आणि धापा टाकत, दोनदोन शब्दांनी का होईना, पण बोलतच राहिली. दारात बसून शेंगा सोलणाऱ्या एका बाईने मान वर करून पाहिलं.

किल्ल्याच्या दरवाजात दोघी उतरल्या. वहिनीचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मी काही बोलले होते?" चिऊने विचारलं. "तेव्हा?"

वहिनीने बाटली तोंडाला लावली, पाणी प्यायली, झाकण लावलं.

"एकच वाक्य. पुन्हा पुन्हा. 'बाई, तुम्ही माझ्या वहिनीला बोलावता का? ती आली की मग काही नाही.'" ती थांबली. "आणि मी तिथेच होते गं."

चिऊने वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हेल्मेट वहिनीच्या हनुवटीला लागलं, तरी दोघींपैकी कुणी हललं नाही. मग चिऊने नाक पुसलं आणि वहिनीच्या हँडलची पेन्सिल सोडवून घेतली.

नदीकाठच्या रस्त्यापुढे तिने "गोष्ट" लिहिलं. गल्लीच्या चढाशी आल्यावर पेन्सिल अडली. "इथे काय? तू तर सगळा चढ बोललीस."

"मुकाटच लिही. लोकांना सांगायचंय."

कड्याजवळच्या वळणाशी दोघी पोचल्या तेव्हा चिऊ आपणहून उतरली. वहिनीही उतरली, आणि दोघी सायकली हातात धरून शेजारी शेजारी चालत खाली आल्या. त्या वेळात साहेबाची तिसरी बायको एकदाची मार्गी लागली.

नवा कागद शुक्रवारी छापून आला. सातपैकी पाच नवखे परत आले. कड्याच्या वळणापुढे त्यात एक नवीन ओळ होती, चिऊच्या अक्षरात: इथे उतरून चालावे, दोघांनी मिळून. औषधवाल्याच्या फळ्यावर दोन नंबरचं नाव वहिनीने स्वतः खोडलं, त्यावर चिऊचं लिहिलं, आणि ज्याचं खोडलं होतं त्या माणसाला शेवटी जागा दिली. लिहून झाल्यावर तिने मागे वळून पाहिलं. चिऊ काउंटरपाशी औषधवाल्याला काहीतरी सांगत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे लवकर संपणार नाही.

वहिनी स्टूल ओढून तिथेच बसली.