झेंडूचा हार आणि रेस मोड

वेगवान गाडीच्या ड्रायव्हरला बसल्या जागी शर्यतीचा थरार यावा, म्हणून मी पुण्यात बसून डॅशबोर्डवरच्या स्क्रीन डिझाइन करतो. स्पीकरमधून इंजिनाची खोटी गुरगुर येते, वेग वाढला की आकडे लाल होतात. मीटिंगमध्ये याला 'गाडीशी एकरूप होणं' म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना गाडी चालवता येत नाही.

कराडजवळच्या एका ऊसवाल्याने अशी गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी तक्रार केली, की रेस मोड लागत नाही, सारखं 'समोर अडथळा' येतंय. मी तिथल्याच उंब्रजचा, म्हणून मला पाठवलं. गाडी अंगणात उभी होती, समोर सगळं मोकळं. मी आत बसून लॅपटॉप जोडला आणि तासभर सेटिंग बदलत राहिलो.

मालकाचे वडील लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले. ते ओट्यावरून माझ्याकडे बघत होते. शेवटी उठले आणि गाडीच्या नाकावरचा पूजेचा जाडजूड हार उचलून बाजूला ठेवला. सेन्सर त्याच्याखालीच होते. हार मलाही दिसला होता, पण नव्या गाडीला तो असतोच. स्क्रीन निमूट हिरवी झाली.

"लय शिकलायस न्हवं," ते म्हणाले, "मग खाली उतरून एकदा गाडीकडं बघायचं न्हाई व्हय रं?"

पुण्यात मी हे जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी गंभीरपणे ऐकलं आणि ठरवलं, की यापुढे 'समोर अडथळा'सोबत स्क्रीनवरच हाराचं चित्र दाखवायचं, म्हणजे ड्रायव्हरला बघायला खाली उतरायला नको. ते चित्र मीच रंगवलं. त्यातल्या पाकळ्या हलतातसुद्धा.