तारकाकांच्या मुलीचं लग्न आणि न उठणारा सर्व्हर

तारकाकांबद्दल कुणी विचारलं की दप्तरींची पंचाईत होते. इतकी वर्षं दोघांच्या खोल्या एका भिंतीला लागून. अलीकडे दप्तरींची जुन्या फायलींची खोली, पलीकडे तारकाकांची सर्व्हरची. पण हा माणूस आपल्याला कळला, असं म्हणायला दप्तरींची जीभ रेटत नाही. ते चहात साखर घेत की नाही, हेसुद्धा त्यांना छातीठोकपणे सांगता येणार नाही. खिशातून कायम एखादी तार लोंबत असे म्हणून ऑफिस त्यांना तारकाका म्हणे, आणि त्यांना एक मुलगी होती, एवढी माहिती. बाकी जे काही कळलं ते एका दुपारी, आणि तेही दार उघडत नव्हतं म्हणून.

ऑफिस नोंदणीचं होतं. गावात कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणाचं लग्न झालं, की त्याची नोंद इथं व्हायची आणि ती सगळी त्या एका सर्व्हरच्या पोटात जायची. सर्व्हर म्हणजे कपाटाएवढं काळं धूड. त्याचा स्वभाव असा, की एरवी महिनोन्‌महिने गुण्यागोविंदानं चालायचं आणि तारकाकांच्या घरी काही कार्य निघालं की मान टाकायचं. मुलीचा वाढदिवस आला, सर्व्हर पडला. शाळेत तिचं नाटक होतं, सर्व्हर पडला. तारकाकांच्या बायकोनं त्याचं नाव 'सवत' ठेवलं होतं. "आज माझ्या सवतीची तब्येत कशी आहे?" असं ती फोनवर विचारायची, आणि भिंतीपलीकडे दप्तरींना तारकाकांचं उत्तर ऐकू यायचं, "बरी आहे, उगाच दृष्ट लावू नकोस."

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं बापाला एकच अट घातली. "बाबा, त्या दिवशी तुम्ही समोर हवेत. फोनवर नकोत." आणि बापाला सबबच उरू नये म्हणून तिनं लग्न त्याच्याच ऑफिसात, वरच्या मजल्यावर, निबंधकबाईंच्या टेबलापुढे करायचं ठरवलं, आणि साक्षीदार म्हणून नावही त्याचंच दिलं. होणारा जावई बोटीवर नोकरीला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बोट सुटणार होती. हातात लग्नाचा दाखला असेल तर कंपनी बायकोलाही बरोबर नेऊ देणार होती. नसेल तर नवरा एकटा जाणार आणि वर्षानं परत येणार.

तारकाकांनी यावर फार विचार केला. नको इतका केला. सर्व्हरचं अपग्रेड बरेच दिवस तुंबलं होतं. ते लग्नाच्या दिवशीच सकाळी उरकून टाकावं, म्हणजे दुपारी तो ताजातवाना असेल आणि दगाफटका करणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. "आजारी पडायच्या आत औषध दिलेलं बरं," ते दप्तरींना म्हणाले. दप्तरींना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते म्हणाले, "हो, तेही खरंच."

अपग्रेड सुरू झालं. पडद्यावर ओळी भराभर वर सरकू लागल्या. तारकाका नवा शर्ट घालून, दार लावून, वर मांडव बघायला गेले. मांडव म्हणजे निबंधकबाईंचं टेबल आणि त्यावर कुणीतरी ठेवलेली फुलदाणी.

इतक्यात बातमी आली, की पूर्वीचे एक मोठे साहेब वारले. आताच्या मोठ्या साहेबांनी लगेच सगळ्यांना जिन्यापाशी जमवलं आणि शोकसभा घेतली. पण गेलेल्या साहेबांबद्दल बोलायचं काय? कुणाला काहीच आठवेना. शेवटी भांडारपाल म्हणाले, "त्यांना आवाज अजिबात खपत नसे." हा धागा साहेबांना फार आवडला. ते म्हणाले, "मग आपली श्रद्धांजलीही तशीच हवी. संपूर्ण शांतता. पंखे, यंत्रं, सगळं बंद."

शिपायानं जाऊन मेन स्विच पाडला.

सगळे माना खाली घालून उभे राहिले. आणि त्या शांततेत जिन्याखालून पीं, पीं, पीं असा आवाज येऊ लागला. सर्व्हरच्या खोलीबाहेर बसवलेला बॅटरीचा डबा जीव तोडून ओरडत होता, की वीज गेली आहे, काहीतरी करा. साहेबांनी मान न उचलता शिपायाला डोळ्यांनी खुणावलं. शिपाई चवड्यांवर गेला आणि त्यानं डब्याचं बटण दाबून धरलं. पीं थांबली. अशी शांतता त्या ऑफिसात पूर्वी कधी झाली नव्हती. तारकाकांना तेवढ्या शांततेत आपल्या खोलीतला सर्व्हरचा पंखाही ऐकू येईनासा झाला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, माझं अपग्रेड!" असं ओरडत ते शोकसभा मोडून धावले. दप्तरी का धावले, ते त्यांना आजही सांगता येत नाही. समोरचा माणूस इतक्या जोरात धावला की पाय आपोआप निघाले असावेत. खोलीच्या दाराला विजेचं कुलूप होतं. वीज नसल्यामुळे दार उघडंच होतं. दोघं आत शिरले, मागं दार लोटलं गेलं. तेवढ्यात बाहेर शिपायानं कर्तव्य म्हणून सगळं पुन्हा चालू केलं आणि दाराचं कुलूप खट्‌कन लागलं.

"उघडा हो," दप्तरी म्हणाले.

"बटण आहे ना ते हिरवं, ते दाबा."

दप्तरींनी दाबलं. काही झालं नाही.

"हां," तारकाका हळूच म्हणाले. "ते बटण आधी सर्व्हरला विचारतं, उघडू का म्हणून."

आणि सर्व्हर तर उत्तर द्यायच्या स्थितीत नव्हता. पडद्यावर काळोख आणि त्यात मोजक्याच पांढऱ्या ओळी. शेवटच्या ओळीचा अर्थ तारकाकांनी सांगितला, "म्हणतोय, मी घाबरलोय, मला पुढं जाता येत नाही."

"मग आता?"

"दप्तरी, असं समजा, माणूस घर बदलतोय. निम्मं सामान नव्या घरात गेलंय, निम्मं रस्त्यावर आहे, आणि नव्या घराला अजून जिनाच बसवलेला नाही. हा वेडा तिथंच चढायला बघतोय आणि आपटतोय. पण जुनं घर अजून पाडलेलं नाही. त्याला सांगायचं, बाबा रे, आज जुन्या घरात ऊठ, मग राहिलेलं सामान सावकाश हलवू."

हे मात्र दप्तरींना कळलं. त्यांना जरा बरं वाटलं.

दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती. काचेपलीकडे ऑफिस जमू लागलं. आजाऱ्याला बघायला यावं तसे लोक येत, काचेला नाक लावत, आणि चुकचुकत.

"कधीपासून असं आहे?" हिशेबनीसांनी विचारलं.

"तापलाय का? हात लावून बघा," टंकलेखिका म्हणाली.

"आमच्या मेव्हण्याच्या दुकानात अस्संच झालं होतं," भांडारपाल म्हणाले, "नंतर नवाच आणावा लागला." यावर कुणीतरी त्यांना मागं ओढलं.

सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करताना एक यादी येते, त्यात बाणाची कळ खाली सरकवून जुनी आवृत्ती निवडायची, एवढंच काम होतं. तारकाकांनी यादी आणली. बाणाची कळ दाबली. दाबली, ठोकली, फुंकर मारली. कळ मेलेली होती. आयुष्यात तिची कधी गरजच पडली नव्हती.

"भांडारपाल! एक कीबोर्ड द्या लवकर!"

"देतो की," भांडारपाल काचेबाहेरून म्हणाले. "मागणी टाका सिस्टीमवर."

"अहो, सिस्टीम इथं आडवी पडलीय!"

"ते मला दिसतंय. पण मागणीशिवाय वस्तू दिली, तर ती मी कुठं लिहू? सिस्टीमवरच ना?"

हिशेबनीस बोटांवर काहीतरी मोजू लागले.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि मुलगी आली. पिवळी साडी, केसांत फूल, आणि डोळ्यांत मावत नाही एवढा राग. मागं तिची आई आणि उंचापुरा जावई.

"अहो, आजसुद्धा?" आई म्हणाली. "आजच्या दिवशी तरी सवतीनं जरा दम धरायचा!"

मुलगी काचेपाशी येऊन म्हणाली, "बाबा, बाहेर या."

"येतो गं. एवढं उठवतो आणि येतो."

"हे वाक्य मी पहिलीत असल्यापासून ऐकतेय."

शिपाई अपराधी चेहऱ्यानं पुढं झाला. "काका, मेन स्विच पुन्हा पाडू का? वीज गेली की दार उघडतं. तुम्ही लगेच बाहेर."

"पाडा," मुलगी म्हणाली. "बाबा वर येतील, लग्न होईल. दाखला मिळाला नाही तर नाही मिळाला. वर्षभर थांबेन मी."

तारकाकांचा हात सर्व्हरवर होता. बॅटरीचा आता भरवसा नव्हता, आणि आणखी एकदा वीज गेली तर जुनं घरही जाग्यावर राहील की नाही, हे त्यांना सांगता येत नव्हतं. बाहेर जावं तर मुलीच्या लग्नाची नोंद होणार नाही आणि ती वर्षभर मागं राहणार. आत राहावं तर पुन्हा तेच, बाप लग्नातही सर्व्हरपाशी.

त्यांनी दप्तरींकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. मी काय करू?"

दप्तरींना आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, "मला... मला काय कळतंय? पण ती फक्त समोर हवेत म्हणाली होती ना? मग... समोरच आहात की. मधे काच आहे एवढंच."

बाहेर निबंधकबाई येऊन उभ्या होत्या. त्या नियमाच्या पक्क्या, कुणाला एक स्वल्पविराम माफ करायच्या नाहीत. त्यांनी काचेवर बोटानं टकटक केली, काचेतून तारकाकांकडे नीट पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"साक्षीदार मला स्वच्छ दिसतोय," त्या म्हणाल्या. "नियमात 'समोर' म्हटलंय. काचेबद्दल काही म्हटलेलं नाही. लग्न इथंच होईल. पण दाखल्यावर नंबर सर्व्हरचाच लागेल, तो तुम्ही बघा." आणि शिपायाला म्हणाल्या, "माझ्या टेबलावरचा कीबोर्ड आण. तो माझ्या नावावर आहे, त्याला मागणी लागत नाही."

भांडारपालांचा चेहरा पडला, पण आक्षेप घ्यायला जागा नव्हती.

दारावर एक हवेची झडप होती. जावई चवड्यांवर उभा राहिला आणि त्यानं कीबोर्ड तिथून आत सोडला. दप्तरींनी खुर्चीवर चढून तो झेलला.

"सासऱ्यांना पहिली भेट," आई म्हणाली. "मनासारखी मिळाली एकदाची!"

मुलगी हसली नाही, पण हसू आवरायला तिला खाली बघावं लागलं.

तारकाकांनी कळ दाबली. निवड एक घर खाली सरकली. त्यांनी डोळे मिटून एंटर मारला. आतलं पंख्याचं पातं घुर्र करून फिरू लागलं, ओळी सरकल्या, थांबल्या, पुन्हा सरकल्या. सर्व्हर जुन्या घरात उठून बसला होता. काचेबाहेर टाळ्या वाजल्या, तसा मोठ्या साहेबांचा आवाज आला, "अरे, आज शोक आहे!" मग टाळ्या हळू आवाजात वाजल्या.

"आता दार?" दप्तरींनी विचारलं.

"अजून नाही. राहिलेलं सामान हलेपर्यंत तो दाराचंही ऐकणार नाही आणि नंबरही देणार नाही. अर्धवट सोडायचं नाही, आजचा सगळा गोंधळ त्यानंच झालाय."

तारकाकांनी हुकूम दिला आणि अडलेलं अपग्रेड पुढं चालू झालं. आणि तिकडे लग्न सुरू झालं. निबंधकबाई नवरानवरीला विचारत होत्या, सर्व्हर तारकाकांना विचारत होता.

"तुम्ही स्वखुशीनं या विवाहाला संमती देता का?"

"देते," मुलगी म्हणाली.

"जुनी मांडणी ठेवू की नवी घेऊ, म्हणतोय," तारकाका पुटपुटले.

"जुनीच ठेवा हो," हिशेबनीस बाहेरून ओरडले, "नवीनं आमचा पगार अडकतो!"

"शांतता!" निबंधकबाई म्हणाल्या. "साक्षीदार, लक्ष इकडे."

"आहे, आहे," तारकाका म्हणाले, आणि खरंच होतं. दप्तरींना ते जवळून दिसत होतं. बोटं कळांवर होती, पण माणूस पडद्याकडे बघतच नव्हता. काचेकडे बघत होता. पडद्यावर काही विचारलं की दप्तरीच हळूच सांगायचे, "तारकाका, पुन्हा विचारतोय," आणि ते न बघता कळ दाबायचे. सर्व्हरकडे पाठ करून काम करताना दप्तरींनी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

साक्षीचा कागद दाराखालच्या फटीतून आत सरकला. तारकाकांनी तो सर्व्हरच्या पाठीवर ठेवून सही केली. कागद परत बाहेर सरकला, आणि तेवढ्यात शेवटची ओळ पडून पडदा स्वच्छ झाला. तारकाकांनी सर्व्हरला एकदा नव्या घरात उठायला सांगितलं. तो उठला. वरच्या मजल्यावर प्रिंटर खडखडला आणि कुणीतरी जिन्यावरून ओरडलं, "नंबर आला! नंबर आला!"

दप्तरींनी हिरवं बटण दाबलं. दार निमूटपणे उघडलं.

तारकाका बाहेर आले नाहीत, कारण सगळं ऑफिसच आत घुसलं. तिथं गारवा होता. मुलगी बापाच्या गळ्यात पडली, तार तिच्या बांगडीत अडकली, ती सोडवण्यात दोघांचा बराच वेळ गेला. सोडवता सोडवता ती काहीतरी बोलली, दप्तरींना ऐकू आलं नाही, आणि ऐकायची जागाही ती नव्हती. ते बाजूला होऊन कीबोर्डची वायर गुंडाळत राहिले. निबंधकबाईंचा होता, परत द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी मुलगी बोटीवर गेली, नवऱ्याबरोबर.

त्यानंतर तारकाका फार दिवस त्या ऑफिसात नव्हते. दुसरीकडे बदली झाली, का स्वतःच सोडलं, दप्तरींनी कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं त्यांना अधूनमधून वाटतं. शेवटचे भेटले ते जिन्यात. ऑफिस सुटायला अवकाश होता आणि तारकाका पिशवी घेऊन निघाले होते.

"आज लवकर?" दप्तरींनी विचारलं.

"हो. पोरीचा फोन येतो या वेळेला, बोट बंदराला लागली की."

"मग निघा, निघा."

"येतो."